वनमाला परबची बंद फाईल

मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं वनमालाने मला दोन वर्षांनी सांगितलं. मधली दोन वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं, पाहायची इच्छाही नव्हती.

मुलुंडला एलबीएस रोडवर सुवेग पंप्स नावाची कंपनी होती. शेतीला लागणारे पंप बनवायची. तिथल्या टायपिंग सेक्शनमध्ये आम्ही अकरा जणी. मी रत्नप्रभा कोळी, माहेर माहुलचं, सासर भांडुपचं. वनमाला परब माझ्यानंतर दोन वर्षांनी लागली, एकोणऐंशी साली, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. घाटकोपरला भटवाडीत राहायची. वडील भिकाजी परब गिरणीत साचे चालवायचे, ते ब्याऐंशीच्या संपानंतर घरी बसले. एका खोलीत सात माणसं. वनमालाचं स्वतःचं म्हणावं असं एक कपाट त्या घरात नव्हतं. साड्या ती आईच्या ट्रंकेत ठेवायची आणि पगाराचं पाकीट उशीखाली. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "करू ना, घाई काय आहे?" आणि टाइपरायटरवर पुढची ओळ सुरू.

टायपिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ते काम तिला आवडायचं नाही, हे मला माहीत होतं. दुसऱ्याची पत्रं, दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याच्या चुका. ती म्हणायची, "आपण म्हणजे नळ आहोत गं. पाणी त्यांचं."

शहाऐंशी साली कंपनीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली बांधली, एसी बसवला, चपला बाहेर काढायचा नियम केला. मशीन एकच, पण त्याला आठ टर्मिनल जोडलेली, म्हणजे आठ पडदे आणि आठ कीबोर्ड, ऑफिसभर पसरलेले. आमच्या सेक्शनला दोन मिळाली. ह्या मशीनच्या आत जी व्यवस्था चालायची तिचं नाव युनिक्स. आणि ही सगळी व्यवस्था सांभाळायला ज्याला नेमलं तो जयवंत सुर्वे.

जयवंत तिशीचा. हसतमुख, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. त्याचं गाव कणकवलीकडचं, वनमालाच्या गावापासून नदी ओलांडली की आलंच. हे कळल्यावर पहिल्याच दिवशी तो तिला "वने" म्हणायला लागला. दुपारी डबा घेऊन आमच्यात येऊन बसायचा आणि तिच्या डब्यातली सुकटीची चटणी निम्मी संपवायचा. आम्ही बाकीच्या जणी त्या हिरव्या अक्षरांना भ्यायचो. वनमाला नाही भ्याली. जयवंतने तिला चार दिवस शिकवलं, पाचव्या दिवसापासून तीच त्याला प्रश्न विचारायला लागली. त्याने स्वतःकडची जाडजूड पुस्तकं तिला घरी न्यायला दिली. हे मी मुद्दाम सांगते. तो मुळात वाईट माणूस होता असं म्हटलं तर गोष्ट सोपी होते, पण खरी राहत नाही.

वनमाला युनिक्सच्या प्रेमातच पडली. दुसरा शब्द नाही. मला टर्मिनलसमोर बसवून समजावायची.

"हे बघ रत्ना, चाळच आहे ही. इमारत एक, पण प्रत्येकाला आपापली खोली. हे लोक तिला होमच म्हणतात. नाव सांगायचं, पासवर्ड द्यायचा, की तू तुझ्या घरात. आणि प्रत्येक फाईलवर तीन पाट्या असतात. मला काय करता येईल, माझ्या सेक्शनला काय करता येईल, आणि बाकी जगाला काय. मी शेवटच्या दोन पाट्या कोऱ्या ठेवल्या की झालं, फाईल फक्त माझी."

तिने मला पडद्यावर दाखवलंही. इंग्रजीत आर, डब्ल्यू आणि पुढे सात रेघा. "ह्या सात रेघा म्हणजे कडी," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी तिच्या भावाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

साहेबांच्या, म्हणजे जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये एक वेगळा छोटा कॉम्प्युटर होता, पीसी. त्याच्यात युनिक्स नव्हतं, डॉस नावाची वेगळी, साधी व्यवस्था चालायची. खासगी पत्रं टाइप करायला वनमालाला तिथे बोलवायचे. परत आली की नाक मुरडायची.

"त्या डॉसला नाव विचारायची पद्धतच नाही गं. भाड्याची सायकल आहे, जो बसेल तो मालक. एका वेळी एकच काम, एकच माणूस. शेजारी कोणी राहतं हे त्याच्या गावीच नाही."

"पण सोपं आहे ना?"

"सोपं आहे. सगळं पुसून टाक म्हटलं तर विचारतं, नक्की ना? हो की नाही सांगा. युनिक्स नाही विचारत. पुस म्हटलं की पुसलं. ते धरूनच चालतं की तुला कळतंय तू काय करते आहेस. आणि काम झालं की गप्प. शाबासकी नाही, काही नाही. चुकलीस तरच बोलणार, तेही चार शब्दांत."

मला ते खडूस वाटलं. तिला तो मान वाटत होता. तिला कळतंय असं त्या ऑफिसात आधी कोणी धरून चाललं नव्हतं.

स्टोअर्सच्या मालाची यादी लावायला आम्हाला पूर्वी दोन दिवस लागायचे. ती चहाच्या आत करायला लागली. त्या युनिक्समध्ये एकच मोठा हुकूम नसतो, बारीक बारीक असतात. एक नुसता निवडतो, दुसरा नुसता क्रमाने लावतो, तिसरा नुसता मोजतो. मध्ये उभ्या रेघा घालून ती त्यांना जोडायची. मला ते लगेच पटलं. माहुलला होडी लागली की माझी आई मासळी निवडायची, मावशी वाटे घालायची, काकी पाट्या भरायची. कोणी दुसरीच्या कामात हात घालायचं नाही.

सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला ऑफिसात कुजबुज सुरू झाली. म्हणे मोठं मशीन काढून टाकणार, प्रत्येक टेबलावर पीसी देणार, साहेब लोक आपापली पत्रं आपण टाइप करणार, आणि टायपिंग सेक्शन बंद. कारखान्यातल्या कामगारांची युनियन होती, पण ऑफिसातल्या बायकांना तिथे कोण विचारतो? वनमाला म्हणाली, "आपण आपली काढू." वीस जणींच्या सह्या झाल्या की एकदम अर्ज द्यायचा, तोपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरलं. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. मग एकेक करून आणखी सहा जणी तयार झाल्या.

प्रश्न आला, यादी ठेवायची कुठे. कोणी म्हणालं वहीत, कोणी म्हणालं पर्समध्ये. ड्रॉवर तर शिपायापासून सगळे उघडायचे.

"माझ्या होममध्ये ठेवते," वनमाला म्हणाली. "तिथे माझ्याशिवाय कोणीच उघडू शकत नाही."

"कोणीच?" मी विचारलं.

"कोणीच."

तिने मला यादी दाखवली. माझं इंग्रजी नाव लिहिताना 'भा'मधला एच तिच्याकडून राहिला होता. मी म्हटलं, "अगं, माझा एच खाल्लास." ती हसली. "राहू दे, सह्या घेताना देते परत."

दीड महिन्याने, एका सोमवारी अकरा वाजता नोटीस बोर्डावर कागद लागला. कामाच्या सोयीसाठी खालील कर्मचाऱ्यांची बदली तारापूरच्या कारखान्यात करण्यात येत आहे. सात नावं. ज्येष्ठतेने लावलेली नव्हती, आद्याक्षरानेही नव्हती. आम्ही ज्या क्रमाने तयार झालो होतो, त्याच क्रमाने होती. सगळ्यात वर माझं नाव, आणि माझ्या इंग्रजी नावात तो एच नव्हता.

वनमालाचं नाव त्या कागदावर नव्हतंच.

भांडुपहून तारापूरला रोज जाऊन येणं म्हणजे नोकरी सोडा असं सांगणंच होतं. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची. बोर्डासमोर सातही जणी उभ्या होत्या. मग सगळ्यांनी एकदमच वनमालाच्या टेबलाकडे पाहिलं. ती जागेवर नव्हती. टर्मिनलवर होती.

पाच मिनिटांनी धावत आली आणि माझा दंड धरला. "रत्ना, चल, दाखवते. जयवंतने उघडलीय. फाईल शेवटची कधी वाचली ते मशीन लिहून ठेवतं. गेल्या बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बुधवारी मी रजेवर होते, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तुला माहितीय ना!"

मी गेले. तिने हुकूम टाइप केला. पडद्यावर एक ओळ आली. तारीख होती त्याच दिवसाची. वेळ अकरा वाजून बारा.

वनमाला बघतच राहिली. "आत्ता होता ना बुधवार," म्हणाली. "आत्ता बघितला मी."

"आणि मग काय केलंस?"

"मग यादी उघडून बघितली, कोणी बदललीय का..."

माझा राग तोवर डोक्यात गेला होता. "परवापर्यंत कोणीच उघडू शकत नव्हतं. आज जयवंत उघडू शकतो?"

"त्याच्याकडे रूट आहे गं, अख्ख्या चाळीची किल्ली. रूटला सगळं उघडता येतं."

"हे आज सांगतेस? सात जणींची वाट लागल्यावर? आणि तुझं नाव कुठे गेलं मग? ते पण जयवंतने खाल्लं?"

मी हात सोडवून घेतला आणि बाकीच्यांकडे गेले. काय झालं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "विकलं तिने आपल्याला." हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कोणावर ढकलायचे नाहीत मला.

ह्यापुढचं तिने सांगितलेलं.

ती सरळ काचेच्या खोलीत गेली, चपला न काढता. जयवंत एकटाच होता. तिने विचारलं, "माझी फाईल वाचलीस?"

तो आधी म्हणाला, "बॅकअप घेताना वाचल्या जातात सगळ्याच."

"बॅकअप सोमवारी संध्याकाळी असतो. मी बुधवारचं विचारतेय."

मग त्याने दार लावून घेतलं. "वने, ऐकून घे. साहेबांना सगळं कळलं होतं, फक्त नावं नव्हती. मला बोलावून म्हणाले, मशीन तुझ्या ताब्यात आहे, तुला माहीत नाही हे मला पटत नाही. मी काय करणार होतो? नोकरी माझीच गेली असती."

"आणि माझं नाव?"

"मी काढलं ना! पहिलंच होतं तुझं. तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत नाही का? दुसऱ्या कोणी असं केलं असतं?" हे सांगताना त्याचा आवाज मऊ झाला होता. त्याला खरंच वाटत होतं की तिने त्याचे उपकार मानावेत.

"कोणी सांगितलं होतं काढायला?" वनमालाने विचारलं. "त्यांच्यात राहिले असते रे मी. आता कुठलीच नाही राहिले."

तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे. सगळ्या विसरतील."

तिथून ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. उभ्या उभ्या सांगितलं, "यादीत पहिलं नाव माझं होतं, मला पण तारापूरला पाठवा." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कुठली यादी, मिस परब? ह्या नेहमीच्या बदल्या आहेत. तुमचं काम चांगलं आहे. तुम्ही जा, काम करा." ती म्हणाली मी लिहून देते. साहेब म्हणाले, जे नाही त्याच्याबद्दल काय लिहून देणार?

तीन दिवस ती कामावर आली. कोणी तिच्याशी बोललं नाही. पाण्याच्या माठापाशी ती आली की आम्ही निघून जायचो. कोणीतरी तिच्या टाइपरायटरच्या कव्हरवर खडूने फितूर असं लिहिलं. मला माहीत होतं कोणी लिहिलं ते, मी पुसायला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिने राजीनामा दिला. मशीनमध्ये तिची किती कामं होती! ती पुसली असती तर स्टोअर्स महिनाभर बंद पडलं असतं. तिने फक्त यादी पुसली. नंतर मला म्हणाली, "पुस म्हटलं आणि पुसलं गेलं. नक्की ना, असं त्या दिवशी युनिक्सने विचारायला हवं होतं. कोणीतरी विचारायला हवं होतं."

आमच्या सातांपैकी दोघी तारापूरला गेल्या. पाच जणींनी नोकरी सोडली, त्यात मी. आठ महिने घरी होते. मग बोरिवलीला एका सहकारी बँकेत लागले. तिथे एकोणनव्वद साली कॉम्प्युटर बसवायला घेतला, आणि तोही युनिक्सचा. बसवायला एक तरुण इंजिनियर आला होता, पवईच्या आयआयटीत शिकलेला. दुपारी तो आम्हा सगळ्यांना समजावत होता. फाईल लिहिली कधी आणि वाचली कधी, ह्या दोन्ही वेळा मशीन ठेवतं, असं म्हणाला.

मी हात वर केला. "वाचल्याची वेळ बघितली, आणि मग फाईल उघडली तर?"

"तर काय बाई, आधीची वेळ गेली. तुम्ही वाचलीत ना, आता तुमचीच वेळ दिसणार. बऱ्याच लोकांना माहीत नसतं."

"आणि कुलूप लावलेली फाईल दुसरा कोणी उघडू शकतो?"

"रूट उघडू शकतो. रूटला कुठलंच कुलूप नाही. म्हणून तर रूटचा पासवर्ड कोणाकडे द्यायचा ते नीट बघून ठरवायचं."

त्याने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या विषयाकडे वळला. मी खाली मान घालून बसून राहिले. शेजारची म्हणाली, "बरं नाही का वाटत?"

वनमाला कुठे आहे हे मला ऐकून माहीत होतं. अंधेरीला मरोळ नाक्याजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. शनिवारी गेले. जिन्यावरून आवाज येत होता, ती शिकवत होती. मी दारातच थांबले. चार पीसी, त्यांच्यासमोर दहा-बारा मुलं-मुली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझी फाईल दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून काय करायचं?"

"डॉसमध्ये काही करता येत नाही," वनमाला म्हणाली. "फ्लॉपी काढायची आणि पर्समध्ये घालून घरी न्यायची. डॉस तुम्हाला कुलूप देत नाही, पण देतं असं सांगतही नाही."

मग तिने मला पाहिलं. मुलांना काहीतरी टाइप करायला सांगून बाहेर आली. बारीक झाली होती. जवळच्या हॉटेलात चहा घेतला. मी काय बोलायचं ते बसमध्ये घोकून आले होते, पण प्रत्यक्षात एवढंच बोलले, "मला कळलं. वेळ बदलते ते."

ती हळूहळू बोलायला लागली, आणि वर जे सांगितलं ते सगळं त्या दिवशी कळलं. क्लासमध्ये डॉस शिकवते, मध्ये एकदा अंधेरीच्या एका प्रेसमध्ये मॅकिंतॉश नावाच्या कॉम्प्युटरवर काम करून आली होती. "चालू केलं की त्याच्यात एक हसरं तोंड येतं," म्हणाली. "सगळी चित्रं. कागदाचं चित्र, कचऱ्याच्या डब्याचं चित्र. छान आहे, पण आत काय चाललंय विचारलं की नुसतं हसतं. मला नाही जमलं." युनिक्सचं नाव काढल्यावर मात्र ती थोडा वेळ पूर्वीची वनमाला झाली, ते सगळ्यात शहाणं आहे म्हणाली.

"जयवंत?" मी विचारलं.

"दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झाला. सुवेगने ते मशीन भंगारात दिलं. लग्नाची पत्रिका पाठवली होती त्याने मला. सहकुटुंब या म्हणून."

मी म्हटलं, "वनमाला, चुकलं माझं. मी तुझ्याबद्दल सगळ्यांना काय काय सांगितलं."

"ऐकलं मी तेव्हाच." तिने कप बाजूला सारला. "पण मी पण खोटं बोलले होते ना. कोणीच उघडू शकत नाही म्हणाले तुला. तू परत विचारलंस, मी परत तेच सांगितलं. रूटचं मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जयवंत मला परका कोणी वाटलाच नाही गं."

मुलं वाट बघत असतील म्हणून ती उठली. चहाचे पैसे मी देत होते, तिने माझा हात बाजूला केला. जिन्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. बाकीच्या जणींना मी खरं काय ते सांगेन, असं म्हटलं. ती म्हणाली, "सांग. पण त्यांच्या नोकऱ्या काही परत यायच्या नाहीत."

मी सांगितलं. दोघींना पटलं, बाकीच्यांना नाही पटलं. तिचं नाव कागदावर का नव्हतं हेच त्या विचारत राहिल्या, आणि जयवंतने दयेपोटी काढलं, हे ऐकून एक जण तर हसलीच. त्यानंतर मी वनमालाकडे दोनदा गेले, भटवाडीला, घरी. तिने नीट बसवलं, पोहे केले, माझ्या मुलीची चौकशी केली. ती माझ्याकडे एकदाही आली नाही.